गिझरचा पाइप फुटला आणि कंपनी म्हणते "झीज": नाकारलेला घर-विम्याचा क्लेम कसा लढवायचा

ताई, तुमचं सगळं वाचलं, पत्राचा मजकूरही. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोथरूडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डिंग बारा वर्षांची. दिवाळीत घर बंद करून साताऱ्याला गेलात, मागे बाथरूममध्ये गिझरचा कनेक्शन पाइप फुटला, पहाटे वॉचमनला जिन्यात पाणी दिसलं, शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून त्यांनी आत जाऊन मेन कॉक बंद केला. तोवर बेडरूमचं लॅमिनेट फ्लोअरिंग, दोन वॉर्डरोब, किचनच्या खालच्या ट्रॉल्या, सोफा, फ्रिज एवढं सगळं भिजलं. त्यात भर म्हणजे आवराआवर करताना टीव्ही पडून स्क्रीन फुटली. कंपनीला कळवलं सहाव्या दिवशी, कारण पॉलिसी होमलोनबरोबर बँकेने काढलेली आणि नंबरच सापडत नव्हता. सर्व्हेयर आला, वीस मिनिटांत गेला. ३ लाख ८५ हजारांचा क्लेम आणि उत्तर काय, तर नुकसान "जुन्या प्लंबिंगमधून हळूहळू झालेली गळती आणि झीज" यामुळे आहे, शिवाय कळवायला उशीर केलात, सबब क्लेम नामंजूर.

मी बरीच वर्षं सर्व्हेयरचं काम केलंय, म्हणजे कंपनीने नेमलं की अशाच घरांत जाऊन रिपोर्ट लिहायचो, आता उलट बाजूने लोकांचे नाकारलेले क्लेम बघतो. त्यावरून स्पष्ट सांगतो, पाण्याचा भाग लढण्यासारखा आहे आणि चांगला आहे, टीव्हीचा भाग कच्चा आहे, आणि उशिराचं कारण त्यांनी नुसतं वजन वाढवायला टाकलंय. पण तुम्ही कस्टमर केअरला जे लांबलचक मेल केलेत ना, की आम्ही इतकी वर्षं प्रीमियम भरतोय, तुम्ही लोकांना लुटता वगैरे, त्याने काहीही होत नाही. ते मेल वाचणाऱ्याच्या हातात काही नसतं. नाकारलेल्या क्लेममध्ये कामाचा कागद एकच, तो म्हणजे नाकारल्याचं पत्र, आणि त्यातलं एकेक कारण उचलून त्याला पुराव्याने उत्तर द्यायचं. बाकी राग घरी काढा.

सगळ्यात आधी दोन कागद मागवा. पहिला, पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे कशाचा किती विमा आहे तो तक्ता, आणि पूर्ण वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा मजकूर. होमलोनच्या पॉलिसीत हा गोंधळ कायम असतो, बँक एक पानाचं सर्टिफिकेट देते आणि लोकांना वाटतं हीच पॉलिसी. दुसरा, सर्व्हेयरच्या रिपोर्टची प्रत. ही तुम्हाला मागण्याचा हक्क आहे, कंपनी "तो आमचा अंतर्गत कागद आहे" असं फोनवर सांगते, म्हणून फोन करूच नका, मेल करा आणि त्यात लिहा की क्लेम ज्या रिपोर्टच्या आधारे नाकारलात त्याची प्रत फोटोंसकट द्या. फोटोंसकट हे विसरू नका, कारण सर्व्हेयरने काढलेल्या फोटोंतच पुष्कळदा तुमची केस असते, मजकुरात तो एक लिहितो आणि फोटोत दुसरंच दिसतं.

शेड्यूलमध्ये काय बघायचं ते सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, सगळ्या जनरल विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी स्टँडर्ड पॉलिसी देणं बंधनकारक केलंय, तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे म्हणजे तीच किंवा तिच्यावर कंपनीने जोडण्या केलेली असणार. यात विमा "कशाचंही नुकसान झालं तर" असा नसतो. यादी असते, आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल वगैरे, आणि त्याच यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं ही स्वतंत्र जोखीम आहे. म्हणजे तुमची घटना यादीत नावानिशी आहे, मागच्या दाराने घुसवावी लागत नाहीये. हीच तुमची मोठी जमेची बाजू.

आता कंपनीचा मुद्दा. "हळूहळू गळती" म्हटलं की ती घटना यादीतून बाहेर पडते, कारण गळणं म्हणजे फुटणं नाही. हे तत्त्वतः बरोबर आहे. वरच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं पाझर येऊन सीलिंगला बुरशी धरली, प्लॅस्टर सुटलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मिळायलाही नकोत, तो मेंटेनन्स आहे. पण त्यांनी त्यात "झीज" हा शब्द मिसळलाय आणि तिथे गडबड आहे. एक तर हा शब्द तुमच्या वर्डिंगच्या अपवादांत कुठे आहे का ते शोधा, मी अशी पत्रं पाहिलीत ज्यांत झिजेचा अपवाद म्हणून लिहिलंय पण कलम नंबर दिलेला नाही, कारण त्या पॉलिसीत तसं कलमच नव्हतं. नाकारताना पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारतोय हे त्यांनी नेमकं सांगायला हवं, ते पत्रात नसेल तर तेच पहिल्या मेलमध्ये विचारा. आणि कलम सापडलं तरी पाइप जुना होता हे एक आणि पाइप फुटून घरात पाणी भरलं हे दुसरं. झिजेच्या कलमाखाली फार तर त्या पाइपची किंमत ते कापतील, जी काही शे रुपये आहे. सत्तरीच्या माणसाला बसने उडवलं तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून वय लिहीत नाहीत ना, तसं. विम्यात याला प्रॉक्झिमेट कॉज म्हणतात, नुकसान घडवणारं खरं परिणामकारक कारण कोणतं, आणि इथे ते अचानक सुटलेलं दाबाचं पाणी आहे.

हे सिद्ध कसं करायचं, तर हा माझा आवडीचा भाग, जरा सविस्तर लिहितो.

गळती आणि फुटणं यांच्या खुणा वेगळ्या असतात आणि भिंतीला खोटं बोलता येत नाही. हळूहळू गळती असेल तर भिंतीला लोणा धरतो, पांढरी पूड सुटते, रंगाचे फुगे येऊन पापुद्रे निघतात, डागाला एकात एक पिवळट कडा दिसतात कारण भिजणं-वाळणं पुन्हा पुन्हा झालेलं असतं, कोपऱ्यात काळी बुरशी असते, आणि प्लायवूड उघडलं तर आतून काळं पडून भुगा झालेलं असतं. एकदम पाणी भरलं असेल तर हे काहीच नसतं, तिथे पाण्याची एक सरळ आडवी रेघ दिसते, घरभर साधारण एकाच उंचीवर. वॉर्डरोबचं प्लाय किंवा एमडीएफ खालून चार-सहा इंच फुगतं आणि त्याच्या वर एकदम कोरं असतं. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या पट्ट्या जोडांवर उचलतात, पूर्ण खोलीभर, नुसत्या बाथरूमच्या भिंतीलगत नाही. तुम्ही लिहिलंय की वॉर्डरोब अजून तसेच पडलेत, टाकले नाहीत. उत्तम. टाकू नका. पट्टी किंवा टेप लावून फुगलेल्या भागाची उंची दिसेल असे फोटो काढा, बेडरूमचा वॉर्डरोब, किचनची ट्रॉली, सोफ्याचे पाय, सगळीकडची. तीन खोल्यांत एकच पातळी निघाली तर हळूहळू गळतीची गोष्ट तिथेच संपते, कारण गळतीचं पाणी खोली ओलांडून सारख्या पातळीने उभं राहत नाही.

बाथरूमच्या भिंतीचे फोटो उलट्या कारणासाठी काढा. गिझरच्या मागची, खालची भिंत, टाइलच्या फटी, बाथरूमच्या पलीकडल्या बेडरूमच्या भिंतीचा रंग. तिथे लोणा नाही, जुने डाग नाहीत, हे दाखवायचंय. लोक नुकसानाचे शंभर फोटो काढतात आणि शाबूत भिंतीचा एकही काढत नाहीत.

आणि तो पाइप. तुम्ही लिहिलंय प्लंबरने बदलला पण जुना कुठे गेला माहीत नाही. आजच्या आज शोधा, प्लंबरच्या पिशवीत असेल, बाथरूमच्या खिडकीत असेल. तो स्टीलच्या जाळीचा लवचिक पाइप असतो, आत रबर किंवा प्लास्टिकची नळी आणि दोन टोकांना नट. हे बहुतेक वेळा नटापाशी तुटतात, जाळी फाटून आतली नळी बाहेर आलेली असते, आणि घरात माणूस नसताना, सोसायटीची टाकी भरलेली, वापर कमी म्हणून दाब जास्त, तेव्हाच जातात. तुटलेलं टोक पाहिलं की कुणालाही कळतं हे ठिबकणं नव्हे. पाइप मिळाला तर धुऊ-पुसू नका, पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. नाही मिळाला तरी केस जात नाही, फक्त प्लंबरचा जबाब जास्त महत्त्वाचा होतो.

प्लंबर लोक बिल देत नाहीत हे मला माहितीये, जीएसटी नंबर तर सोडाच. साध्या कागदावर चालेल, त्याच्या शब्दांत, त्याच्या सहीने: अमुक तारखेला अमुक फ्लॅटमध्ये बोलावलं, गिझरचा इनलेट पाइप नटापाशी तुटलेला होता, नवीन बसवला, इतके पैसे घेतले, नाव, मोबाइल. त्याने जे पाहिलं तेच लिहू द्या. "जुना झाल्यामुळे" असं त्याने स्वतःचं अनुमान लिहिलं तर मी ते खोडायला सांगणार नाही, पण अनुमान लिहायची गरजही नाही हे त्याला सांगा. आणि कुठलीही गोष्ट रंगवून लिहून घेऊ नका, कागद खोटा निघाला तर फसवणुकीच्या अटीखाली सगळा क्लेम जातो, खरा भागसुद्धा.

फ्रिजच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. इलेक्ट्रिक वस्तू शॉर्ट सर्किटने, जास्त दाबाने, स्वतः तापून बिघडली तर त्या वस्तूपुरता अपवाद असतो. मेकॅनिकने नुसतं "शॉर्ट सर्किट, पीसीबी गेला" लिहिलं की कंपनी तेच कलम लावते. खरं कारण खालून पाणी शिरलं हे असेल तर ते त्याने लिहायला हवं, कुठल्या भागात पाणी किंवा गंज दिसला तेही.

वेळेचा पुरावा तुमच्याकडे फुकट पडलाय आणि तुम्ही त्याचा उल्लेख ओझरता केलाय, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या पहाटे पडलेले मेसेज. जिन्यात पाणी येतंय, कोणाचं आहे बघा, मग शेजाऱ्यांचा मेसेज की कॉक बंद केला, मग कुणीतरी टाकलेला व्हिडिओ. आदल्या दिवशीपर्यंत ग्रुपवर पाण्याची एकही तक्रार नाही आणि त्या पहाटे एकदम जिना वाहतोय, याहून चांगला पुरावा मी मागणार नाही. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, मूळ फोन बदलू नका, व्हिडिओ ज्याने काढला त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल राहू द्या. पुढे कन्झ्युमर कमिशनला, म्हणजे ग्राहक आयोगाकडे, जायची वेळ आली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्र असतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, पूर्वीचं ६५ ब, त्यावर फोन ज्याचा आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, ते वकिलाच्या मदतीने करून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या, त्या तारखेला काय झालं आणि त्याआधी तुमच्या फ्लॅटबद्दल गळतीची तक्रार रजिस्टरमध्ये होती की नव्हती. वॉचमनच्या नोंदवहीत काही लिहिलं असेल तर त्या पानाचा फोटो.

आता उशीर. सहा दिवस हा उशीर म्हणून बघितला तर काहीच नाही, तरी त्याला उत्तर द्यायचंच. इर्डाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे, की उशिराचं कारण अपरिहार्य असेल तर खरा क्लेम नुसत्या मुदतीच्या अटीवर नाकारू नका. आणि सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या ट्रकचोरीच्या प्रकरणात तेच धरलं, उशिराचं समाधानकारक कारण असेल आणि क्लेम खरा असेल तर यांत्रिकपणे नाकारता येत नाही. तुमचं कारण सांगण्यासारखं आहे, पॉलिसीची प्रत तुम्हाला मिळालीच नव्हती, बँकेकडून नंबर घ्यावा लागला. बँकेशी त्या दिवसांत झालेला मेल किंवा ब्रँचला केलेला मेसेज असेल तर जोडा. "सर्व्हे व्हायच्या आत साफसफाई केली" असंही पत्रात एक वाक्य आहे, त्याची काळजी नको, नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे विमाधारकाचंच काम आहे, पाणी साचू देऊन सर्व्हेयरची वाट बघत बसला असतात तर हेच लोक म्हणाले असते की नुकसान वाढू दिलंत.

उलट त्यांनी स्वतः मुदती पाळल्या का तेही बघा. इर्डाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. तुमच्याकडे सर्व्हेयर आला आठवड्याने. म्हणजे तुमच्या सहा दिवसांवर बोट ठेवणाऱ्याने स्वतः आठवडा घालवला. हे पत्रात एका वाक्यात लिहा, त्याच्यावर केस उभी करू नका, पण समोरच्याला उशिराचा मुद्दा रेटताना अडचण होते.

सर्व्हेयरच्या रिपोर्टची लोकांना भीती वाटते, की त्याने लिहिलं म्हणजे झालं. तसं नाही. रिपोर्टला वजन असतं, पण तो शेवटचा शब्द नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार मध्ये हे सरळ म्हटलंय. मात्र "रिपोर्ट चुकीचा आहे" असं नुसतं म्हणून तो पडत नाही, त्यातलं नेमकं काय चुकलंय ते दाखवावं लागतं. रिपोर्ट आला की "कॉज ऑफ लॉस"चा परिच्छेद काढा आणि बघा, त्याने गळतीचा निष्कर्ष कशावरून काढला? ओल मोजायचा मॉइश्चर मीटर लावला होता का? तुटलेला पाइप बघितला का, मागितला तरी का? प्लंबरशी, वॉचमनशी बोलला का? वीस मिनिटांच्या भेटीत बहुतेक यातलं काही झालेलं नसतं आणि "बिल्डिंगचं वय बघता" अशा शब्दांवर निष्कर्ष उभा असतो. बिल्डिंगच्या वयावरून पाइप कसा गेला हे ठरत नाही. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं, तुमच्यावर नाही, हेही सुप्रीम कोर्टाने पुन्हा २०२३ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध वेदिक रिसॉर्ट्स मध्ये सांगितलं. अर्थात आधी तुम्ही घटना यादीतल्या जोखमीत बसते हे दाखवायचं, ते वरच्या पुराव्याने होतं, मग चेंडू त्यांच्याकडे. रक्कम बघता स्वतंत्र लायसन्सधारक सर्व्हेयर किंवा सिव्हिल इंजिनिअरकडून दोन पानांचं मत घेणं परवडण्यासारखं आहे, पण त्याची फी कंपनीकडून मिळेल असं धरू नका, क्लेम तयार करण्याचा खर्च पॉलिसीत बाहेर ठेवलेला असतो.

रकमेबद्दल एक गोष्ट. होमलोनच्या पॉलिसी बऱ्याचदा फक्त बिल्डिंगच्या असतात, कंटेन्ट म्हणजे घरातलं सामान नसतं. शेड्यूलमध्ये बिल्डिंग आणि कंटेन्ट दोन्ही असेल तर भारत गृह रक्षामध्ये सर्वसाधारण सामान बिल्डिंगच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप धरलं जातं. फक्त बिल्डिंग असेल तर सोफा आणि फ्रिज विसरा. पण तेव्हाही सगळं हातचं गेलं असं समजू नका, कारण बिल्डिंगच्या व्याख्येत भिंतीला, जमिनीला, छताला कायमच्या बसवलेल्या गोष्टी येतात. फ्लोअरिंग आलं. भिंतीत ठोकून बसवलेले वॉर्डरोब आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या यांच्यासाठीही हा मुद्दा मांडता येतो, आणि तुमच्या क्लेममधला मोठा आकडा तोच आहे. म्हणून क्लेमचा तक्ता नव्याने करा, बसवलेलं वेगळं, हलवता येणारं वेगळं, प्रत्येकापुढे कोटेशन. विमा रक्कम कमी होती म्हणून प्रमाणात कापतो असं कुणी म्हणालं तर सांगा की या पॉलिसीत अंडरइन्शुरन्सची कपात नाही.

आणि टीव्ही. हातातून पडला, धक्का लागला, पोराने बॉल मारला, याला आपण अपघाती नुकसान म्हणतो पण साध्या पॉलिसीत ही जोखीमच नसते, त्यासाठी अपघाती नुकसानीचं किंवा ऑल रिस्क असं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तुमच्या शेड्यूलमध्ये अॅड-ऑनच्या रकान्यात तसं काही असेल तर टीव्ही मागा, जरूर मागा. नसेल तर सोडून द्या. "पाणी आलं नसतं तर आवरलं नसतं, आवरलं नसतं तर पडला नसता" हा युक्तिवाद करता येतो, एखादा वकील करेलही, पण मी नाही करणार, कारण एक कच्ची मागणी घुसवली की समोरचा तिच्यावरच बोलत बसतो आणि पक्क्या मागणीलाही तसाच वास येतो.

आता जायचं कुठे. पहिली पायरी कंपनीचा ग्रीव्हन्स ऑफिसर म्हणजे तक्रार निवारण अधिकारी, कस्टमर केअर नव्हे, त्याचा मेल पॉलिसीच्या वर्डिंगमध्ये छापलेला असतो. पत्र दोन पानांपेक्षा मोठं नको. माझ्या अंदाजाने असं: "आपल्या अमुक तारखेच्या पत्रात नुकसानीचं कारण हळूहळू गळती व झीज असं दिलं आहे. पॉलिसीत पाइप फुटणं ही विमा-जोखीम म्हणून दिली आहे. सोबत जोडलेला प्लंबरचा जबाब, पाइपचे फोटो, तीन खोल्यांतली पाण्याची पातळी दाखवणारे फोटो, सोसायटीचं पत्र आणि त्या दिवशीचे मेसेज यांवरून घटना अचानक व एकाच वेळी घडली हे दिसतं. आपल्या सर्व्हेयरने यांपैकी काहीही तपासलेलं नाही. झिजेबाबत आपण कोणतं कलम लावलं ते कळवावं. क्लेमचा फेरविचार करून बसवलेल्या वस्तूंसाठी इतके व सामानासाठी इतके रुपये द्यावेत." मग उशिराला एक परिच्छेद. बास. इंग्रजीत लिहून घ्या, पुढे सगळीकडे तेच पत्र लागणार आहे. त्यांनी १४ दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा. पण तिथून निकाल मिळेल अशी आशा नको, इर्डा तुमचा वाद ऐकून निर्णय देत नाही, फक्त कंपनीला उत्तर द्यायला लावतं. तरी टोकन नंबर पडतो आणि फाइल कधीकधी जरा वरच्या टेबलावर जाते.

कंपनीने पुन्हा नाकारलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बुड्समन. तुमच्यासारख्या केसला मला हाच रस्ता बरा वाटतो. फी नाही, वकील लागत नाही, खरं तर वकील चालतच नाही, मर्यादा ५० लाखांपर्यंत, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक, ३० दिवसांत पाळायचा. तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे जायला मोकळ्या. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, गोव्याची प्रकरणंही तिथेच येतात, तक्रार ऑनलाइनही भरता येते. सुनावणीत तुम्हाला बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा भावना सांगू नका, पाण्याच्या पातळीचे तीन फोटो टेबलावर ठेवा. एक लक्षात ठेवा, हीच तक्रार कन्झ्युमर कमिशनमध्ये चालू असेल तर लोकपाल घेत नाही. आणि सोसायटीच्या नावाची पॉलिसी असेल तर ती वैयक्तिक विम्यात बसत नाही, त्यांना कमिशनच.

जिल्हा ग्राहक आयोग हा दुसरा रस्ता. २०१९ च्या कायद्याने हद्द तुम्ही भरलेल्या किमतीवर, म्हणजे प्रीमियमवर ठरते, क्लेमच्या रकमेवर नाही, त्यामुळे घराच्या विम्याची जवळपास सगळी प्रकरणं जिल्ह्यालाच येतात, आणि प्रीमियम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं, ई-जागृती पोर्टलवरून. मानसिक त्रास, खर्च, व्याज हे मागायचं ते इथे. मुदत दोन वर्षं. लोकपालाकडे वाट बघण्यात हे दोन वर्षांचं घड्याळ थांबतं असं धरून चालू नका, नकाराच्या पत्राची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. कायद्यात तीन-पाच महिन्यांत निकाल लिहिलंय, प्रत्यक्षात किती लागतात ते पुण्यातल्या कुठल्याही वकिलाला विचारा, तो आधी हसेल.

मधेच कधीतरी कंपनीचा फोन येईल, विशेषतः लोकपालाची नोटीस गेल्यावर, की "चला सव्वा लाखात मिटवू, फुल अँड फायनलवर सही करा." घ्यायचे की नाही हा तुमचा निर्णय, पण उरलेल्यासाठी लढायचं असेल तर विचार न करता सही करू नका, फुल अँड फायनल म्हणजे यापुढे काही मागणार नाही असं लिहून देणं. दबावाखाली सही झाली असेल तर तेवढ्याने हक्क जात नाही हे युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या १९९९ च्या निकालापासून चालत आलंय, पण दबाव होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याच दिवशी "हरकत राखून स्वीकारत आहे" असा मेल पाठवणं सोपं. आणि बिल्डिंगच्या भागाचे पैसे आले तर बँक आधी हात पुढे करेल, कर्ज चालू आहे तोवर पॉलिसीवर तिचं नाव असतं, म्हणून रिपेअरसाठी पैसे सोडायला ब्रँचला आधीच लेखी विचारून ठेवा.

राहिले खालच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या फॉल्स सीलिंगचं नुकसान तुमच्या पॉलिसीत येत नाही, शेजाऱ्याचं नुकसान म्हणजे लायबिलिटी, ते वेगळं कव्हर. त्यांची स्वतःची घर-विमा पॉलिसी आहे का विचारा, असेल तर त्यांनी तिथे क्लेम करावा. नाहीतर सोसायटीत बसून मिटवा, पैसे द्यायचे तर द्या, पण ते मागतायत तसं "आमचा पाइप जुना होता, बदलायचा राहून गेला" असं लेखी देऊ नका. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये ती ओळ गेली की पुढच्या सुनावणीला कंपनीच्या फाइलमधलं पहिलं पान तेच असणार.